आयजेपी: जुन्या टीमकडे परतायला ही सोय कितपत कामाची?

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या मोठ्या आयटी कंपन्यांत रिकामी जागा आधी आतल्या लोकांसाठी खुली करतात, ती सोय म्हणजे आयजेपी (इंटर्नल जॉब पोस्टिंग). सध्याच्या टीमची घडी विस्कटलेली आहे आणि जुन्या टीमचा मॅनेजर परत बोलावतोय, अशा वेळी ही सोय वापरण्यासारखी आहे. मात्र तिची खरी अडचण रिलीजपाशी, म्हणजे सध्याच्या टीममधून सुटका होण्यापाशी येते.

अर्ज टाकण्याआधी सध्याच्या टीमचं दुखणं ओळखायला हवं. दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरायला मंजुरी मिळाली आहे, तर ओढाताण दोन-तीन महिन्यांची असते. तेवढ्यासाठी उठू नये. जागा भरायच्याच नाहीत असं ठरलंय, क्लायंटचा एसओडब्ल्यू (कामाचा करार) संपत आलाय आणि नूतनीकरणाबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही, तर गोष्ट वेगळी. प्रोजेक्ट बंद झाला की सगळी टीम एकदम बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून राहते आणि त्याच चार जागांसाठी सगळे धावतात. आधी हललेल्याला निवडीला वाव मिळतो.

जुन्या टीमचीही तितकीच कसून चौकशी करावी. तुमच्या वेळचे किती जण उरलेत? ऑन-कॉलची (अडचण आली की कधीही हजर राहण्याची) पाळी किती आठवड्यांनी येते? सॉफ्टवेअरच्या मागच्या तीन आवृत्त्या वेळेवर गेल्या का? तुम्ही ज्या कारणाने ती सोडली ते कारण गेलं का? हा शेवटचा प्रश्न लोक हमखास टाळतात आणि तिथेच फसतात. ऑफिस कुठे आहे तेही बघा. वाकडला राहणाऱ्याला खराडीची टीम म्हणजे रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर.

‘ये, जागा आहे’ या शब्दावर काही करू नये. पोर्टलवर रिक्विझिशन नंबर (जागेच्या मागणीचा क्रमांक) पडलाय का, बजेट मंजूर आहे का, हे विचारा. नंबर नाही म्हणजे जागा नाही. पात्रतेसाठी बहुतेक ठिकाणी सध्याच्या प्रोजेक्टवर १२ ते १८ महिने झालेले लागतात. जुनी टीम असली तरी इंटरव्ह्यू होतो. त्याची तयारी करा, ओळखीवर जाऊ नका.

निवड झाली की रिलीजचा घोळ सुरू होतो. बदली माणूस मिळेपर्यंत सध्याचा मॅनेजर तारीख पुढे ढकलत राहतो, कारण तुम्ही गेलात की तुमच्या कामाचं क्लायंटकडून मिळणारं त्याचं बिलिंग बुडतं. म्हणून निवडीच्या मेलमध्येच रिलीजची तारीख लिहून घ्या आणि आरएमजीला (प्रोजेक्टवर माणसं नेमणाऱ्या विभागाला) सीसीत ठेवा. केटीचं (काम समजावून सोपवण्याचं) तीन आठवड्यांचं वेळापत्रक सोबत जोडा: पहिल्या आठवड्यात कागदपत्रं आणि रेकॉर्डिंग, दुसऱ्यात रिव्हर्स केटी (समोरच्याने तेच तुम्हाला समजावून सांगणं), तिसऱ्यात समोरचा काम करणार आणि तुम्ही नुसते शेजारी. मागे राहणारे सहकारी आधीच दमलेले असतात. त्यांच्यावर अर्धवट काम टाकून जाणं बरोबर नाही.

अप्रेझलचाही फटका बसतो. वर्षाच्या मध्यात बदली झाली की नवा मॅनेजर आधीच्या सहा-आठ महिन्यांचं काम पाहिलेलं नसल्यामुळे मधलं रेटिंग देऊन मोकळा होतो. निघण्याआधी सध्याच्या मॅनेजरकडून सिस्टीममध्ये लेखी फीडबॅक भरून घ्या. तोंडी कौतुक मार्चमध्ये कुणाला आठवत नाही.

जुनी टीम जुन्या कंपनीत असेल तर हिशेब बदलतो, कारण राजीनामा द्यावा लागतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात. चार वर्षांवर सोडलं की नव्या ठिकाणी मोजणी शून्यापासून. शेवटचा मूळ पगार ६०,००० असेल, तर पाच वर्षांचे ६०,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे १,७३,०७७ रुपये. वर्षभर थांबणं परवडेल का, हे हा आकडा समोर ठेवून ठरवा. अंतर्गत बदलीत सेवा तुटत नाही, म्हणून आमचा कौल तिच्याच बाजूने.

पीएफचा यूएएन (सदस्याचा कायम क्रमांक) तोच राहतो, पण पैसे नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर व्हावे लागतात. सोडलेल्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरली नसेल तर ट्रान्सफर अडकतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख सदस्याला ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.