कोब्रा रेप्लिकावर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप: नऊ महिन्यांचा अनुभव, आणि दोन फूट पाइपाची गोष्ट

ब्रेकचा बूस्टर म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणारा डबा; त्याला कमी पडणारा व्हॅक्यूम पुरवणारा हा पंप जानेवारीत बसवला, आता ऑक्टोबर चालू आहे. मधल्या काळात त्याच्याबद्दलचं माझं मत दोनदा फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी मामांची, १९६०च्या दशकातल्या कोब्रा या स्पोर्ट्स कारची नक्कल. फायबर बॉडी, फोर्डचं ३०२ व्ही-८, त्यात रेसिंगचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). मामांनी पुण्यात हौसेनं बांधून घेतली, गुडघ्यांनी दगा दिल्यावर रत्नागिरीला माझ्याकडे पाठवली. डिसेंबरात आरे-वारेच्या उतारावर समोरची एसटी अचानक थांबली. माझा क्लच दाबलेला, इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता मंद फिरतंय. पहिल्यांदा ब्रेक लागला. सोडून परत दाबला तर निम्मा. तिसऱ्या वेळी पेडल म्हणजे दगड. हँडब्रेक ओढला म्हणून एसटीच्या मागे हातभर अंतरावर थांबलो. शेजारी आई बसली होती. ती घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, "बूस्टर गेला साहेब, चौदा हजार." मी आधी घरी साधी चाचणी केली. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबायचं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली गेलं, म्हणजे बूस्टर जिवंत. मग इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज लावलं: आयडलला ९ इंच (पाऱ्याचे). साध्या पेट्रोल इंजिनाला १७ ते २१ मिळतं, आणि बूस्टरला पूर्ण जोर द्यायला १८च्या आसपास हवं. रेसिंगच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे कमी आरपीएमला व्हॅक्यूम धरतच नाही. हे समुद्रसपाटीचं माप. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण एक इंच आणखी घटतं.

गंमत म्हणजे आंबा घाट उतरून साखरप्याला येताना ब्रेक उत्तम लागायचे. गाडी गिअरमध्ये, थ्रॉटल बंद, इंजिन फिरतंय, मग व्हॅक्यूम भरपूर. दगा व्हायचा तो बाजारात आणि क्लच दाबून रांगताना.

एका मित्राचं म्हणणं होतं, बूस्टर काढूनच टाक, १९६२च्या मूळ कोब्राला कुठे होता? खरं आहे, पण बूस्टरच्या गाडीत पेडलचं लिव्हरेज (पायाचा जोर किती पट होतो ते) साधारण ४ला १ असतं, बिनबूस्टरच्या गाडीला ६ला १ लागतं. नुसता बूस्टर काढला असता तर आईला पुन्हा गाडीत बसवायची माझी हिंमत झाली नसती.

म्हणून पंप घेतला. व्हॅक्यूम कमी झाला की आपोआप चालू, १८ला बंद. फेब्रुवारी-मार्च मी सगळ्यांना त्याचं कौतुक सांगत होतो. आवाज घरघंटीसारखा येतो, पण ब्रेक लोण्यासारखे.

एप्रिलच्या उन्हात पेडल पुन्हा कडक. सकाळी गार इंजिनावर ठीक, भाट्याच्या पुलापर्यंत गेलो की दुसऱ्या दाबाला दगड. पंपाजवळचं गेज मात्र १८ दाखवतंय! गॅरेजवाला पुन्हा तेच: बूस्टर. या वेळी भांडण झालं, कारण पंप त्यानंच बसवला होता आणि तपासायला नवीन बूस्टरची निम्मी रक्कम आगाऊ मागत होता. मीही पंप टाकाऊ म्हणून विकायला काढला होता.

शेवटी गेज सोडवून बूस्टरच्या तोंडाशी लावलं. ब्रेक दाबून सोडला, काटा पाचपर्यंत पडला आणि परत १८ला चढायला मोजून अकरा सेकंद. पंप आणि बूस्टर यांच्यामधला पाइप चाचपला तर वळणावर चपटा. गॅरेजमध्ये पेट्रोलचा पाइप लावला होता! पेट्रोलचा पाइप आतला दाब सोसायला बनवलेला असतो. इथे दाब बाहेरून पडतो. गरम झाला, मऊ पडला, बसला. दोन फूट जाड व्हॅक्यूम होज, दोन क्लिपा, सगळे मिळून तीनशे ऐंशी रुपये. चौदा हजारांच्या जागी! पैशांपेक्षा मला त्रास होतो तो याचा, की गाडीत माणसं बसणार हे माहीत असून गॅरेजवाल्यानं हातात येईल तो पाइप कापून लावला.

पंपाची खरी तक्रार एकच. खाऱ्या हवेत त्याच्या अर्थिंगच्या टोकाला पावसाळ्यात हिरवा थर धरला, जुलैत एकदा चालूच होईना. घासून ग्रीस लावलं, आता दर महिन्याला बघतो. ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतली ओल शोषतं आणि ओल आली की लवकर उकळतं. डॉट ४ ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांना, ओल शोषल्यावर १५५ला. कोकणात वर्षाला एकदा बदलाच. पंपाला पाचपैकी चार.

गेल्या रविवारी गणपतीपुळ्याला जाताना त्याच उतारावर, मागे-पुढे कोणी नाही असं पाहून क्लच दाबून सलग चार वेळा ब्रेक मारला. चारही वेळा तसाच लागला. आई म्हणाली, "बास झालं आता, नारळ फुटतील मागचे."