दोन पंखे आणि हातभर इलॅस्टिक: नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. वाक्य संपवून थांबले की हेडफोनमध्ये शांतता हवी, पण तिथे कॉम्प्युटरची घरघर असायची. जे मूल परीक्षेच्या तोंडावर तीन तास माझं वाचन ऐकणार, त्याच्या कानात ही घरघरही तीन तास जाणार, हे मला सहन होईना. ऑडिओबुकसाठी एसीएक्स हा मंच शांत जागांमधला आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली मागतो (रेकॉर्डिंगच्या या मोजपट्टीवर आकडा शून्याच्या जितका खाली, तितकी शांतता). माझा उणे ४६ होता. नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने घरघर पुसणं, जास्त लावलं की ‘स’ आणि ‘श’ पुसट व्हायचे, आणि विज्ञानाच्या पुस्तकात ते चालत नाही.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला, त्यामुळे तो उघडायची भीती नव्हती. कागदाची सुरनळी कानाला लावून एकेका भागाजवळ धरली, मग कॅबिनेटचे पंखे एकेक करून मिनिटभर बंद ठेवले. प्रोसेसरवरचा आणि मागच्या बाजूचा, हे दोन पंखे सगळ्यात मोठ्याने बोलत होते. तेवढेच बदलले. पुढचा १४० मिलिमीटरचा जुना पंखा बरा होता. तो ठेवला, फक्त त्याची गती उतरवली.

नॉक्टुआ ही ऑस्ट्रियाची कंपनी. हा १२० मिलिमीटरचा पंखा त्यांनी २०१८ मध्ये आणला. पात्यांची टोकं आणि चौकट यांच्यात फक्त अर्धा मिलिमीटर फट आहे. साध्या प्लास्टिकची पाती फिरून आणि तापून काळाने किंचित ताणतात, म्हणून फट मोठी ठेवावी लागते. इथलं प्लास्टिक फार कमी ताणतं. फट लहान असल्याने हवा टोकांवरून मागे फारशी निसटत नाही, आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, दाट पट्ट्यांतून ती कमी फेऱ्यांतही पार जाते. मला हवं होतं ते नेमकं हेच. कंपनी कमाल गतीला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांना, २२.६ डेसिबल सांगते. पण २००० फेऱ्यांवर मी तो कधी चालवतच नाही.

पंखा कितीही चांगला असला तरी शांतता येते ती गती कमी केल्यावर. गती निम्मी केली की हवाही निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो. इतका फायदेशीर सौदा कॉम्प्युटरमध्ये दुसरा नाही. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन मी प्रोसेसरच्या ६० अंश तापमानापर्यंत ६०० फेऱ्या, ७५ ला १००० आणि त्यापुढे हळूहळू पूर्ण गती असं ठरवून दिलं. तापमान वाढल्यावर लगेच न धावता काही सेकंद थांबायलाही सांगितलं. आधी एखादी मोठी फाइल उघडली तरी पंखा उसासा टाकायचा, आणि तो उसासा एका लयीतल्या घरघरीपेक्षा जास्त खटकतो. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर आता ५२ अंशांवर असतो, पूर्वी ४६ वर होता. हे सहा अंश मी आनंदाने सोसते.

बसवताना स्क्रूऐवजी सोबत आलेल्या रबरी खुंट्या वापरा. ओढून बसवायला नखं दुखतात, पण पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. सोबतची गती कमी करणारी छोटी वायर मी डब्यातच ठेवली. बायोसमधून तेच काम नीट होतं.

एवढं करून आवाज उणे ५५ वर आला आणि तिथेच अडला. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती याचा आलेख, काढला तर १२० हर्ट्झवर एक उंच सुळका. विजेची गुणगुण म्हणावी तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत ती ५० आणि १०० ला दिसते. मग लक्षात आलं: माझी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला बरोबर १२०. ती पत्र्याला घट्ट आवळलेली होती आणि सगळं कॅबिनेट तिच्याबरोबर गुणगुणत होतं. डीव्हीडीच्या रिकाम्या कप्प्यात परकराला लावतात तसलं इलॅस्टिक ताणून डिस्क त्यावर झोपाळ्यासारखी टांगली. सुळका जवळजवळ गेला. आकडा उणे ६२. तो स्क्रीनवर पाहिला तेव्हा मी त्याच बैठकीत अख्खा धडा पुन्हा वाचला. (डिस्क टांगलेली असताना कॅबिनेट उचलून हलवू नका.)

पंख्याचा तपकिरी-बदामी रंग मला आवडत नाही, पण माझं कॅबिनेट बंद असतं. काचेची बाजू असेल तर आधी फोटो बघून घ्या. साध्या पंख्यांच्या मानाने हे महाग आहेत, म्हणून सगळे एकदम बदलू नका. प्रोसेसरवरचा आधी बदला. हमी सहा वर्षांची आहे.

तुमचा त्रास ग्राफिक्स कार्डाचा किंवा एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येणाऱ्या बारीक ‘कुई’चा असेल, तर या पंख्यांनी काही होणार नाही. ती कुई कॉइलची, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याची असते, आणि तिथे रबरही चालत नाही, इलॅस्टिकही नाही.