पाचशे बॅकलिंकचा सौदा: हापूस विकणाऱ्या एका वेबसाइटची फसवणूक

फेब्रुवारी लागला की कोकणातल्या आंबा बागायतदारांना फोन सुरू होतात. "तुमची वेबसाइट गूगलवर दिसतच नाही. ३० दिवसांत पहिल्या पानावर आणतो, लेखी गॅरंटी देतो." हंगाम तोंडावर असतो, पेटी थेट ग्राहकाला गेली तर अडत वाचणार असते, त्यामुळे माणूस भुलतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बागायतदार कुटुंबाने असाच करार केला आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. हंगाम संपला तेव्हा साइट आधी होती त्याहून खाली गेली होती. नावं इथे देत नाही, पण काय काय विकलं गेलं ते तपशीलवार लिहितो आहोत, कारण पैठणीवाले, होमस्टेवाले, क्लासवाले सगळ्यांच्या गळ्यात हाच माल मारला जातो.

करारात ५०० बॅकलिंक होत्या, त्याही 'डीए ५० च्या वरच्या' साइटवरून (डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइटचं वजन सांगणारा आकडा), शिवाय दर महिन्याला २० लेख.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारा दुवा. कुणीतरी आपणहून दुवा दिला म्हणजे शिफारस केली, असं गूगल धरतं, म्हणून त्याला वजन आहे. विकत घेतलेली शिफारस मात्र गूगलला चालत नाही. २०११ साली जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीसाठी पैसे देऊन पेरलेल्या लिंक उघड झाल्या आणि गूगलने तिला निकालांत खाली ढकललं. एप्रिल २०१२ मध्ये असल्या लिंक पकडणारा पेंग्विन नावाचा बदल गूगलने आणला. सप्टेंबर २०१६ पासून तो गूगलच्या मूळ यंत्रणेचाच भाग आहे आणि असल्या लिंक बहुतेक वेळा हिशेबातच धरल्या जात नाहीत. म्हणजे पैसे पाण्यात. प्रकार फारच उघड असेल तर गूगलचा माणूस साइट तपासून कारवाई करतो, ते वेगळंच.

या ५०० लिंक सर्च कन्सोलमधल्या (आपली साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) 'लिंक्स' या भागातून उतरवून तपासल्या. बहुतेक लिंक कुठल्या कुठल्या फोरमवरच्या रिकाम्या प्रोफाइलमध्ये, परदेशी लेखांखालच्या प्रतिक्रियांमध्ये आणि कुणीही न वाचणाऱ्या डिरेक्टरीत होत्या. अशा जागांवरच्या लिंकना सहसा 'नोफॉलो'ची खूण असते, म्हणजे ही शिफारस समजू नका असं ती साइटच गूगलला सांगत असते. उरलेल्या लिंक कॅसिनो आणि झटपट कर्जाच्या पानांवर. आणि जवळपास प्रत्येक लिंकवर तेच शब्द: 'बाय रत्नागिरी हापूस ऑनलाइन'. लोक आपणहून लिंक देतात तेव्हा बागेचं नाव लिहितात, मालकाचं लिहितात, नुसता पत्ता चिकटवतात. शेकडो लिंकवर एकच वाक्य आलं की त्या पेरलेल्या आहेत हे लगेच कळतं.

'डीए'बद्दलही स्पष्ट सांगायला हवं. हा आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा आहे, १ ते १०० मधला, आणि क्रम ठरवताना गूगल तो वापरत नाही. तो फुगवताही येतो. बंद पडलेल्या शाळेचं किंवा संस्थेचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकत घ्यायचं, तिची जुनी पुण्याई वापरून त्यावर लिंक विकायच्या. मार्च २०२४ मध्ये गूगलने हा प्रकार नाव घेऊन नियमांत बंद केला.

लेखांची तऱ्हा तशीच. 'पुण्यात हापूस', 'नाशिकमध्ये हापूस', 'नागपुरात हापूस': मजकूर एकच, शहर बदललेलं. अशा पानांविरुद्ध गूगलचे नियम जुनेच आहेत, आणि ढिगाने पाडलेला मजकूरही त्याच मार्च २०२४ च्या नियमांत आला. एका लेखात तर ताजा हापूस बारा महिने मिळतो असं लिहिलं होतं. ज्या गिऱ्हाइकाने ते वाचलं, त्याचा बागेवरचा विश्वास तिथेच गेला.

सगळ्यात मोठी दिशाभूल मासिक अहवालात होती. जानेवारी ते एप्रिल आलेख चढताना दाखवला. हापूसचा शोध त्या काळात वाढतोच, काहीही न करता! हंगामी धंद्यात एप्रिलची तुलना जानेवारीशी करायचीच नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं. 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन यंदाचे मार्च-एप्रिल आणि गेल्या वर्षीचे मार्च-एप्रिल समोरासमोर लावा. मग शोधशब्दांतून बागेचं नाव असलेले शब्द वगळा. उरलेल्या शब्दांवरचे क्लिक हाच खरा नफा-तोटा. इथे ते घटले होते. पहिल्या क्रमांकाचे जे स्क्रीनशॉट पाठवले, ते बागेचं नाव आणि गाव धरून सात-आठ शब्दांच्या, कुणीही टाइप न करणाऱ्या शोधाचे होते.

पैसे थांबवल्यावर कळलं की डोमेन एजन्सीच्या नावावर आणि सर्च कन्सोल तिच्याच जीमेलवर. पानांच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, तर तळाशी, न दिसणाऱ्या अक्षरांत, तिच्या इतर गिऱ्हाइकांच्या लिंक सापडल्या. म्हणजे या कुटुंबाची साइट दुसऱ्यांना विकलेल्या लिंकचं गोदाम झाली होती. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता आपला पत्ता टाकून पाहा. ओळखीची नसलेली पानं दिसली तर सोर्स उघडाच.

सुधारणेचा क्रम असा. आधी डोमेन स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर घ्या. डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) टीएक्सटी प्रकारची नोंद टाकून सर्च कन्सोलची मालकी सिद्ध करा. जुन्या मालकाला काढताना त्याची पडताळणीची नोंद किंवा फाइलही काढा, नाहीतर तो पुन्हा आत येतो. लपवलेल्या लिंक आणि नकली शहरपानं काढून टाका. मग सर्च कन्सोलमधला 'मॅन्युअल ॲक्शन्स' हा भाग उघडा, गूगलच्या माणसाने केलेली कारवाई तिथे दिसते. तिथे काही नसेल तर लिंक नाकारण्याच्या डिसअवाऊ साधनाला सहसा हात लावू नका, चुकून चांगल्या लिंकही जातात. कारवाई दिसली तरच लिंक काढायची विनंती करा, न निघालेल्यांची फाइल द्या आणि पुनर्विचाराचा अर्ज करा. 'खराब लिंक साफ करून देतो' म्हणत येणारा पुढचा फोन बहुधा दुसरी फसवणूक असते.

खरा मजकूर बागायतदाराकडेच असतो. फळाच्या वजनाप्रमाणे पेटीत किती डझन बसतात, कुठल्या आठवड्यात तोड सुरू होते, पुण्याला पोचायला किती दिवस लागतात, आंबा गवतात कसा पिकवायचा, २०१८ मध्ये हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कुठले जिल्हे येतात. प्रत्येक प्रश्नाला एक नीट पान, स्वतःच्या बागेचे फोटो. अशा पानाला पाककृती लिहिणारे, बातमीदार, आंबा मागवणारी सोसायटी दुवा देतात. बागायतदार संघाच्या सदस्ययादीतली एक लिंक त्या पाचशेंपेक्षा मोलाची. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, त्याचे पैसे कुणी मागितले तर फोन ठेवा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच आपल्या मदतपानावर सांगतं.

फसवणूक झालीच असेल तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं, करार, यूपीआयच्या पावत्या आणि अहवाल डिलीट करू नका. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हे क्रमांक आहेत. पैसे गेल्यावर १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.