की-ओकू : ठेका क्रशचा, आलाप कोन्डोचा

जपानी हिप हॉप आणि जॅझ म्हटलं की आधी नुजाबेस या संगीतकाराचं नाव निघतं, आणि तो मलाही प्रचंड आवडतो, पण त्याचे अल्बम यायच्या कितीतरी आधी, 1996 मध्ये, डीजे क्रश आणि ट्रम्पेटवाला तोशिनोरी कोन्डो या दोघांनी मिळून 'की-ओकू' हा अल्बम केला आणि तो ऐकलेली माणसं मला फारच कमी भेटलीत, म्हणून लिहायला बसले.

की-ओकू म्हणजे आठवण, स्मृती. रॅप मिळेल म्हणून लावू नका, इथे सगळं काम टर्नटेबल (डीजे रेकॉर्ड फिरवतो ते यंत्र), सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे वाजवणारं यंत्र) आणि ट्रम्पेटचं आहे.

दोघं दोन टोकांची माणसं. क्रश 1962 चा, टोकियोचा, तरुणपणी गुंडांच्या टोळीत होता, मग 1983 मध्ये 'वाइल्ड स्टाइल' हा सिनेमा बघितला आणि डोक्यात हिप हॉप जे शिरलं ते कायमचं. कोन्डो त्याच्याहून 14 वर्षांनी मोठा, फ्री जॅझवाला, म्हणजे ठरलेली चाल-ताल न पाळता मोकळं वाजवणारा, न्यूयॉर्कमध्ये राहून आलेला, नंतर ॲमस्टरडॅमला मुक्काम, आणि ट्रम्पेटला वीज जोडून, इको आणि वाह-वाह (सुराची उघडझाप करणारा इफेक्ट) लावून वाजवायचा, त्यामुळे मूळ पितळी खणखणीतपणा जाऊन तिथे काहीतरी ओलं, धुरकट येतं. सत्तरच्या दशकातला जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस ऐकला असेल तर ओळखीचं वाटेल.

मला हा अल्बम कळला तो विलंबित ख्यालामुळे. खरंच सांगतेय. विलंबितात तबलजी काय करतो, ठेका धरून बसतो, तेच बोल परत परत, आणि त्याच्या जिवावर गाणारा निवांत बढत करतो, एका सुरावर थांबतो, वाटलं तर एखादं आवर्तन गप्पही बसतो. इथे क्रश तेच करतोय. त्याचा बीट संथ आणि जड, ड्रमचा आवाज जरा मळका, आणि मधे एवढी जागा सोडलेली की दुसरा कोणी असता तर घाबरून तिथे चार आवाज भरले असते. कोन्डो पण त्या जागेवर तुटून पडत नाही, एक लांब सूर सोडतो आणि तो विरेपर्यंत वाट बघतो. एवढी वर्षं फ्री जॅझमध्ये काढलेल्या माणसाने इतकं कमी वाजवणं, याचंच मला फार कौतुक वाटतं.

'मु-गेत्सु' म्हणजे चंद्र नसलेली रात्र, आणि नाव ऐकल्यावर जो अंधार डोळ्यापुढे येतो तसाच तो ट्रॅक आहे, माझा सगळ्यात लाडका. बॉब मार्लीचं 'सन इज शायनिंग' पण घेतलंय यांनी, मार्लीच्या 'काया' अल्बममध्ये आहे ते, आणि इथे गायकाच्या जागी ट्रम्पेट आल्यावर त्यातलं ऊन एकदम संध्याकाळचं होतं.

खटकतं ते एवढंच की लय सगळीकडे जवळपास सारखीच आहे, मधल्या भागात दोन-तीन ट्रॅक एकमेकांत मिसळून जातात आणि लक्ष सुटतं, तिथे एखादी द्रुत चीज हवी होती असं मला दर वेळी वाटतं.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस जातो आणि बेस गेला की उरतं काय. मी पहिल्यांदा स्वयंपाक करताना लावला होता, कुकरच्या शिट्ट्यांमधे काहीच पोचलं नाही, मग आठवड्याने घरचे झोपल्यावर हेडफोन लावून परत ऐकला आणि संपल्यावर लगेच पुन्हा सुरुवातीपासून लावला.

कोन्डो ऑक्टोबर 2020 मध्ये गेला. त्या रात्री 'मु-गेत्सु'च ऐकत बसले होते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा, आवडला तर मग पूर्ण अल्बम क्रमाने, मधे न थांबता.