आवाज तसाच, ४७,३५० रुपये गेले

गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय म्हणून. जळगाव-धुळे महामार्गावर आहे एवढं पुरे. त्या भागात गाडी घेऊन जाणाऱ्यांनी सावध राहावं.

गाडी २०१३ ची डिझेल डिझायर, २,१४,००० किलोमीटर झालेली. सकाळी चालू केली की बॉनेटखालून टिकटिक, रेस केली की तीच जोरात. ऑइल मी स्वतः काडी काढून पाहिलं होतं, लेव्हल बरोबर होती. शिवाय एसी बाहेरच्या हवेवर ठेवला की आत धुराचा वास यायचा. हा वास मी त्या मिस्तरीला पहिल्याच दिवशी सांगितला होता, लक्षात ठेवा. तो म्हणाला, "डिझेल गाडी शे आप्पा, वास येवावच." अहिराणी बोलणारा, आपल्याच भागातला. वर आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर, बहिणीला आणायला नंदुरबारला जायचं. त्याने काय केलं, तर लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनवर टेकवला, दुसरं टोक माझ्या कानाला लावलं. टिक, टिक, टिक. "ऐकू येतं ना? लिफ्टर गेले, प्रत्येक व्हॉल्व्हला एक असतो ते. टायमिंग चेनही ढिली आहे. तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील, मग लाखाच्या घरात जाल."

आता मला माहीत आहे की धडधाकट इंजिनालाही स्क्रू ड्रायव्हर लावून कान दिला तर टिकटिक ऐकू येतेच, कारण इंजेक्टर, म्हणजे आत डिझेल फवारणारा पार्ट, उघडझाप करताना वाजतो. एकाच जागी टेकवून काही कळत नाही. चारही इंजेक्टर, कव्हर, चेनची बाजू अशी जागा बदलत तुलना करावी लागते, आणि ती त्याने केली नाही. पण चेन तुटली तर व्हॉल्व्ह आपटतात हे मात्र खरं आहे. या लोकांचं हेच कसब, धमकीत अर्ध खरं मिसळलेलं असतं, म्हणून गाडी चालवणारा माणूस गप्प बसतो. मी शाळेत गणित शिकवतो, इंजिन नाही. भरउन्हाळ्यात रस्त्यात चेन तुटली तर काय, या विचाराने कोणीही हो म्हटलं असतं.

१५,००० आगाऊ, फोनवरून. तेही गॅरेजच्या नावाने नाही, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. उरलेले ३२,३५० रोख, कारण गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी "मशीन बंद" होतं. बिल कच्चं, वहीच्या पानावर:

लिफ्टर १६ नग, १०,४००. चेन किट ११,५००. हेड (इंजिनाचा वरचा भाग) लेथवर घासणे ५,५००. गॅस्केट व सिलिकॉन २,१५०. ऑइल-फिल्टर ३,८००. मजुरी १४,०००.

आता तो क्षण, ज्याने अजूनही झोप येत नाही. त्याने बॉनेट उघडून दाखवलं, गाडी चालू केली, आवाज खरंच बंद. आणि माझी नजर व्हॉल्व्हवरच्या कव्हरच्या बोल्टांवर गेली. बोल्टांच्या डोक्यांवर तेलात बसलेली पिवळट धूळ होती, कापसाच्या शेतातल्या रस्त्यांची, वर्षानुवर्षांची. पाना लागलेल्या बोल्टाच्या कडा चकचकतात. एकही कड चकचकत नव्हती. लिफ्टर बदलायचे तर ते कव्हर उतरवावंच लागतं. चेन बदलायची तर पुढचं झाकण काढावं लागतं, आणि ते परत बसवताना सांधा बंद करायला लावलेलं ताजं सिलिकॉन कडेने बाहेर येतं. मी धूळ पाहिली. विचारलंसुद्धा. म्हणाला, "पोऱ्याने पुसलं नाही." पुसलं नाही म्हणून धूळ राहते, हे मान्य. पण बोल्ट खोलून परत आवळल्यावर तीच धूळ, तशीच, तिथेच? बहीण आवरून बसलेली, तिचे फोन येत होते, मागे दुसरा गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होता. अशा वेळी कोण बोल्ट तपासत बसतं?

जुने पार्ट मागितले तर काळ्या पिशवीत लिफ्टर आणि एक चेन हातात दिली. पिशवी घरी मोजली. आठ लिफ्टर. माझ्या इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह. फोन केला तर "बाकीचे भंगारात गेले." ती पिशवी दर गिऱ्हाइकाला दाखवायची असणार, माझ्याकडे चुकून कायमची आली. आणि बिलात हेड घासल्याचे साडेपाच हजार आहेत ना? हेड उतरवायचं तर कूलंट काढावं लागतं, बाटलीतलं कूलंट तेच जुनं गढूळ होतं. असल्या बिलात कुठलं काम दुसऱ्या कामाशिवाय होऊच शकत नाही, ते आधी बघा.

दोंडाईच्याच्या पुढे आवाज परत आला. वासही.

नंदुरबारला मेव्हण्याच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्तरी आहेत. त्यांनी वरचं प्लॅस्टिक कव्हर काढलं, गाडी चालू ठेवली आणि साबणाचं पाणी प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी शिंपडलं. तिसऱ्याच्या बुडाशी फेस फसफसायला लागला, टिकटिकीच्या तालावर. आजूबाजूला कार्बनचा डांबरासारखा काळा थर. इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर बसकलेलं, त्यामुळे सिलिंडरमधली दाबलेली हवा, कॉम्प्रेशन, बाहेर फुटत होती. तोच आवाज, तोच धूर, तोच वास. पहिल्याने काय केलं असणार, तर इंजेक्टरचा क्लॅम्प आवळला. तेवढ्यापुरता आवाज दबला, तोवर पैसे घेतले. म्हणजे दुखणं त्याला माहीत होतं! मला याचाच जास्त संताप आहे. चार वॉशर २४० रुपये, इंजेक्टर काढून बैठक साफ करून बसवायचे १,८००. एकूण २,०४०. त्यांनी पुढचं झाकण टॉर्च लावून पाहिलं, कारखान्यातलं सीलंट तसंच होतं. ऑइल मात्र बदललं की नाही सांगता येत नाही, डिझेलचं ऑइल तसंही लवकर काळं पडतं.

मग सुरू झाली सरकारी वारी. एका पोलीस ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. दुसऱ्यात अर्धा दिवस बाकावर. साहेब जेवायला, साहेब बंदोबस्ताला, शेवटी जे आले ते कागद न वाचताच म्हणाले, "सर, हे दिवाणी आहे. ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही का, न्याय संहितेत ३१८ कलम कशाला आहे? "तुम्ही शिक्षक का?" असं विचारून हसले. आठ लिफ्टर टेबलावर ठेवले तर हवालदाराने एक उचलून पेपरवेट म्हणून वापरला. आरटीओत गेलो तर गॅरेज आमच्याकडे येत नाही. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कर खात्यात म्हणाले, बिलावर जीएसटी नंबर नाही तर कोणावर कारवाई करू? अहो, नंबर नाही हीच तर तक्रार आहे! मास्तराने पगारातून एक रुपया चुकवला तर नोटीस घरी येते, आणि हा माणूस महामार्गावर बसून वहीच्या पानावर धंदा करतोय.

अजून काही. गाडी थंड असताना आवाज येतो आणि तापली की जातो, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची गळती असू शकते, लगेच इंजिन उघडू देऊ नका. खालून जड ठकठक येते आणि चढावर वाढते, तर तिथेच बंद करा, बेअरिंगचं काम असतं. इंजिन उघडायच्या आधी ऑइल प्रेशर गेजने मोजायला लावा. गाडी सोडताना बोल्टांचे फोटो काढा, कव्हरवर नेलपॉलिशचा ठिपका टाका. खोललेल्या इंजिनाचा व्हिडिओ मागा, गाडीचा नंबर दिसेल असा. रोख देऊ नका, कितीही मशीन बंद असो.

ग्राहक आयोगात आता अर्ज टाकलाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून आधी नोंद करता येते. कोणाकडे त्या पट्ट्यातल्या गॅरेजचं वहीच्या पानावरचं, हेड घासल्याचे ५,५०० लावलेलं बिल असेल तर फाडू नका. माझ्या तक्रारीला जोडायला दुसरं तसलंच बिल हवंय, वकील म्हणतात एकाने भागणार नाही.