स्प्रिंगफील्डचं लिंकनचं घर आणि वकिलीचं ऑफिस: आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर

आधी सरळच सांगतो, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्याआधी अब्राहम लिंकन जिथे वकिली करायचा त्या इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला एकच दिवस असेल तर पहिलं त्याचं घर, मग वकिलीचं ऑफिस आणि लिंकन म्युझियम शेवटी. बरेच लोक उलटं करतात, म्युझियममध्येच दमतात आणि मग घरासमोर नुसता फोटो काढून परत. शिकागोहून गाडीने साडेतीन तास धरा, रस्ता सरळसोट, दोन्हीकडे मका, बाकी बघण्यासारखं काही नाही.

घर नॅशनल पार्कवाल्यांकडे आहे आणि चक्क फुकट. व्हिजिटर सेंटरला वेळेचं तिकीट घ्यायचं, मग रेंजर आत नेतो. फुकट का, तर लिंकनच्या मुलाने, रॉबर्टने (तोही वकीलच) १८८७ मध्ये घर राज्याला देताना अटच घातली, की नीट सांभाळा आणि लोकांकडून पैसे घेऊ नका. लिंकनने हे घर १८४४ मध्ये घेतलं, ते पण ज्या पाद्र्याने त्याचं लग्न लावलं त्याच्याचकडून, आणि आयुष्यात स्वतःच्या मालकीचं घर हे एवढं एकच. वरचा मजला नंतर १८५६ मध्ये पूर्ण चढवला. जिन्याचा लाकडी कठडा मूळचाच आहे आणि त्याला हात लावून चढता येतं, बाकी कशालाच हात लावायचा नाही. खालच्या दिवाणखान्यात १९ मे १८६० ला पक्षाची मंडळी त्याला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्याचं सांगायला आली होती, खोली तशी काही फार मोठी नाही. टूर मात्र आटोपशीर असते, जे विचारायचं ते तिथल्या तिथे विचारून घ्या.

माझे बाबा तालुका कोर्टात वकिली करून रिटायर झालेत, त्यांना खरी मजा आली ऑफिसात. (उघडं आहे ना ते आधी बघून जा.) तिसरा मजला, साधी खोली, त्याच बिल्डिंगमध्ये खाली फेडरल कोर्ट भरायचं. लिंकन कागद टोपीत ठेवायचा, आणि टेबलावरच्या एका गठ्ठ्यावर लिहिलेलं म्हणे, की कुठेच सापडलं नाही तर यात बघा. बाबा म्हणाले, आमच्या बाररूममध्ये असे निम्मे आहेत. इलिनॉय सेंट्रल रेल्वेने फी द्यायला खळखळ केली तेव्हा याने आपल्याच पक्षकारावर दावा लावून ५००० डॉलर वसूल केले, हे ऐकून तर बाबा जाम खूश.

पण वकिलीतून हा राष्ट्राध्यक्षपदापर्यंत कसा पोचला, तर त्यात खरा मुद्दा सर्किटचा, म्हणजे फिरत्या कोर्टाचा आहे. दर वसंतात आणि शरदात जज्ज आणि वकील मिळून एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत कोर्ट भरवत फिरायचे, खानावळीत एका पलंगावर दोघं-दोघं झोपायचे, आणि यात गावोगावचे लोक, ज्युरीवाले, पेपरवाले सगळे ओळखीचे झाले. १८४७ ते ४९ एक टर्म काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, काढून हा परत वकिलीत आला, १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने (नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणारा) राजकारणात पुन्हा पेटला, पुढे सिनेटला पडला तरी ही ओळख कुठे गेली नाही. सर्किटवरचा जज्ज डेव्हिड डेव्हिस, त्यानेच उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या १८६० च्या शिकागो अधिवेशनात याच्यासाठी सगळी जुळवाजुळव केली, आणि लिंकनने नंतर त्याला सुप्रीम कोर्टावर बसवलं! बाबांना यात काहीच नवल वाटलं नाही. आणि हो, फार देव करून जाऊ नका, १८४७ च्या मॅटसन केसमध्ये हाच लिंकन गुलामाच्या मालकाकडून उभा राहिला होता, हरला ते बरंच झालं.

म्युझियम (२००५ चं) तिकीट काढून. होलोग्रामचा शो, खऱ्या मापाचे पुतळे, पोरं एकदम खूश. एका देखाव्यात लिंकन ऑफिसच्या कोचावर पेपर वाचत पसरलाय आणि त्याची दोन पोरं कागदपत्रांचा पार धुडगूस घालतायत, तो मला सगळ्यात आवडला. व्हाइट हाऊसचा भाग मला जरा नाटकी वाटला, लाइट आणि आवाज खूप, वयस्कर माणसांना मध्ये कुठेतरी बसवा.

खायचं म्हणाल तर गावाची स्पेशालिटी हॉर्सशू, म्हणजे ब्रेडवर मांस, त्यावर फ्राइजचा ढीग आणि वरून चीजचा सॉस ओतलेला. एक घेतलं तर दोघांना पुरतं. मी एका ठिकाणी आईसाठी बिनमांसाचं मागितलं तर खाली नुसते टोस्ट आणि वर फ्राइज आले, तेव्हा घरून थेपले-चटणी घेऊनच निघा.