दोघांत एक दुर्बीण : तंजावर आणि नंतरचे नऊ महिने

8x32 मापाची दुर्बीण घरात येऊन या महिन्यात नऊ महिने झाले. घेतली ती तंजावरसाठी. जानेवारीत आम्ही दोघंच गेलो होतो. शहर दोघांनाही नवं, तमिळचा एक शब्द येत नाही, ओळखीचं कुणी नाही. जाण्याआधी बृहदीश्वराच्या देवळाचे फोटो बघताना हे म्हणाले, "एवढ्या उंचावर कोरलंय, खालून आपल्याला काय दिसणार?" त्या प्रश्नातून ही खरेदी झाली. ज्या जोडप्यांना देवळं, किल्ले, जुने वाडे बघायची हौस आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण आम्हाला घेताना असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आधी मापाबद्दल. दुकानदार 10x50 आणि 20x50 पुढे करत होता. "पॉवर जास्त आहे, हीच घ्या." पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पॉवर वाढली की हाताचा कंपही तेवढाच मोठा होऊन दिसतो. दुकानाबाहेर उभं राहून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला घेतली, तर वीसच्या दुर्बिणीतून अक्षरं नाचत होती. आठच्या दुर्बिणीतून पाटी लहान दिसली, पण स्थिर दिसली आणि वाचता आली. शिवाय 50 मिमीची भिंगं म्हणजे गळ्यात जवळपास किलोचं ओझं. आमची साडेपाचशे ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात असली तरी मान दुखली नाही. साधारण नऊ हजार रुपये लागले.

आता चष्म्याचं. ह्यांना चष्मा आहे, मला लांबचं बघायला लागत नाही, पण माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दोन डोळ्यांत फरक पडलाय. एकाच दुर्बिणीतून दोघांना नीट दिसायला दोन गोष्टी लागतात. पहिली आय रिलीफ. डोळा मागच्या भिंगापासून जास्तीत जास्त जेवढ्या अंतरावर ठेवून पूर्ण गोल चित्र दिसतं, ते हे अंतर. चष्मेवाल्याला किमान 15 मिमी हवं, नाहीतर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं वाटतं. डोळ्याजवळच्या रबरी वाट्या फिरवून खाली बसवता आल्या पाहिजेत. चष्मा असेल तर वाट्या खाली, नसेल तर वर.

दुसरी गोष्ट उजव्या नळीवरची बारीक कडी. बहुतेक लोक हिला कधी हातच लावत नाहीत आणि मग "धूसर दिसतं" म्हणतात. उजवी बाजू हाताने झाकायची, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायचं. मग डावी बाजू झाकायची, आणि चाकाला न शिवता उजव्या डोळ्यासाठी फक्त ती कडी फिरवायची. हे एकदाच करायचं असतं, पण आम्ही दोघं असल्यामुळे दर वेळी कडी इकडची तिकडे व्हायची. तंजावरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत मी नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. लाल माझा, पांढरा ह्यांचा. दुर्बीण हातात घेतली की वाट्या वर किंवा खाली, कडी आपल्या ठिपक्यावर. पाच सेकंदांचं काम. दोघांत एकच दुर्बीण वापरणाऱ्यांनी एवढं एक तरी नक्की करा.

तंजावरला ती किती उपयोगी पडली ते सांगते. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, 1010 साली पूर्ण झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, साठेक मीटर उंच आहे. अंगणात साठ-सत्तर मीटर मागे उभं राहिलं तर वरच्या मजल्यांवरच्या मूर्ती डोळ्यांपासून नव्वदेक मीटर लांब पडतात. आठ पटीने त्या अकरा-बारा मीटरवर येतात, म्हणजे आपल्या गल्लीतल्या समोरच्या घराच्या गच्चीएवढ्या. द्वारपालांची बोटं, दागिन्यांचे पेड, पावसाने झिजलेली नाकं, सगळं दिसतं. देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी ऊन विमानाच्या समोरच्या अंगावर पडतं, आणि जानेवारीत दक्षिणेची बाजूही उजळलेली असते. उत्तरेची बाजू सावलीत राहते. पण नेमकी त्याच बाजूला वर एक टोपी घातलेली, युरोपियन वाटणारी आकृती आहे. नुसत्या डोळ्यांनी तो एक ठिपका होता. ह्यांना आधी सापडली. "अगं, ती कोनाड्यांची ओळ धर, तिथून डावीकडे, अजून एक मजला वर..." असं करत मला दाखवायला त्यांना चांगली दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मला सगळ्या सहलीतली सर्वात आवडती. दोन दुर्बिणी असत्या तर आम्ही आपापलं बघून पुढे गेलो असतो. एकच असल्यामुळे ज्याने पाहिलं त्याला दुसऱ्यासाठी बोलून दाखवावं लागलं, आणि ते सांगताना दोघांचंही बघणं वाढलं.

एक ताकीद मात्र मनापासून. मनोऱ्याच्या टोकामागे सूर्य येत असेल तेव्हा दुर्बीण वर करू नका. क्षणभर सूर्य भिंगात आला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. जागा बदला किंवा थांबा. आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. अकराच्या पुढे फरशी असह्य तापते, म्हणून सकाळी लवकर जा.

मराठी माणसाने त्या देवळात नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी जरूर थांबावं. तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला. अक्षर देवनागरी आहे. आजूबाजूला चोळांचे तमिळ लेख, भाषा अनोळखी, आणि एकदम समोर आपली भाषा दगडात. ज्या गावात सकाळपासून इडलीवाल्याशी खुणांनी बोलत होतो तिथे मी भिंतीवरचे शब्द मोठ्याने वाचत होते. माझा आवाज भरून आला. उंचावरच्या ओळी दुर्बिणीतून लावल्या. सगळ्या लागल्या नाहीत, पण नावं लागली.

दुर्बिणीचा जवळचा पल्लाही विचारून घ्या. आमची दोन मीटर इतक्या जवळचंही स्पष्ट दाखवते. राजवाड्यातल्या कलादालनात चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती आहेत. तिथली 1011 सालची, तिरुवेंकाडूला सापडलेली शिवमूर्ती बघा. एक पाय दुसऱ्यापुढे आडवा टाकून उभा आहे, एक हात कोपरात वाकवून नंदीवर टेकल्यासारखा ठेवलाय, आणि नंदीच आता नाही. हात रिकाम्या हवेवर विसावलाय. दोन-अडीच मीटरवरून दुर्बिणीतून ती बोटं बघितली तेव्हा त्यांतलं सैलपण इतकं खरं वाटलं की तिथला नंदी मला दिसला असं म्हटलं तरी चालेल. केसांतले सापही असेच जवळून बघण्यासारखे आहेत. देवळाच्या गाभाऱ्यात मात्र दुर्बीण पिशवीतच ठेवली. माणसांच्या रोखाने ती धरू नये, हेही आम्ही पाळलं.

कुंभकोणमच्या वाटेवरच्या दारासुरमच्या देवळात दुर्बिणीची गरज कमी पडली, तिथलं बहुतेक कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर आहे.

आता तक्रारी. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आलं की भिंगांवर वाफ धरते. आतून नाही, कारण नळ्यांत नायट्रोजन भरलेला आहे, पण बाहेरून धरते. पुसत बसू नका, दहा मिनिटांत आपोआप जाते. दुसरी तक्रार गंभीर आहे. पाचव्या महिन्यात डावी रबरी वाटी सैल झाली, वर ठेवली की आपोआप खाली यायची. वॉरंटी असूनही दुकानदाराने आधी हात वर केले. पावती आणि तीन पत्रांनंतर दुरुस्त होऊन यायला सहा आठवडे लागले. पावती जपून ठेवा. तिसरी गोष्ट पट्ट्याची. सोबत आलेला पट्टा अरुंद होता, मानेला काचायचा. रुंद पट्टा वेगळा घेतला.

साताऱ्याच्या पावसात काळजी बुरशीची. कातडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढलेली मी नात्यातल्या एका घरी पाहिली आहे. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. चारही महिने गेले, भिंगं स्वच्छ आहेत.

सहलीनंतर ती पडून राहील अशी मला भीती होती. तसं झालं नाही. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या विश्वेश्वराच्या देवळाचं शिखर आम्ही तीस वर्षं बघत आलोय, पण त्याच्यावरच्या चुन्यातल्या आकृती या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिल्या. हल्ली रविवारी सकाळी चहाचा थर्मास आणि दुर्बीण घेऊन तिकडे जातो. कुणी आधी बघायचं ते ठरलेलं नाही, पण ज्याच्या हातात असेल तो बोलत राहतो.

गेल्या आठवड्यात लाल ठिपका झिजलेला दिसला. नवा दिला. गंगैकोंडचोळपुरमचं देऊळ राहून गेलंय, राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, बांधलेलं. ह्यांनी जानेवारीची तिकिटं बघायला घेतली आहेत, चेन्नईच्या एग्मोर स्टेशनहून रात्रीची गाडी.